काट्यावरचा आकडा नोंदीत कसा उतरतो?

नांदेड/लातूर : दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढते आणि त्यापाठोपाठ लातूर व नांदेड जिल्ह्यांतील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. पुढचे काही महिने या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न एका छोट्या काचेवरील तांबड्या किंवा हिरव्या आकड्यांवर ठरत असते. पोते काट्यावर चढते, आकडे क्षणभर हलतात, स्थिरावतात आणि पोते उतरताच पुन्हा शून्य दिसू लागते. वजन पाहिले जाते ते जेमतेम दोन-चार सेकंद. पुढे जो व्यवहार होतो तो त्या वजनाचा नव्हे, तर त्याच्या नोंदीचा असतो.

ही नोंद पूर्वी मापाड्याच्या वहीत असे. आता ती बहुतेक ठिकाणी संगणकात, छापील पावतीवर किंवा काट्याला जोडलेल्या पेनड्राइव्हवर असते. अशी नोंद वहीतील आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पेनड्राइव्हवरील आकडा किती खरा, हे तो आकडा कोणत्या वाटेने तेथे पोहोचला यावर अवलंबून असते. ही वाट समजून घेतली, तर 'काटामारी' या मराठवाड्याला चांगल्या परिचित असलेल्या शब्दामागचे तंत्रही उलगडते.

पायली ते क्विंटल

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी येथील धान्यबाजारात पायली, शेर, मण, खंडी ही मापे रूढ होती. गावागणिक शेर वेगळा आणि मणाचे शेरही वेगळे, अशी स्थिती. काही मापे वजनाची, तर काही आकारमानाची. माप भरताना ते दाबून भरायचे की सैल, यावरच नफा-तोटा ठरे. १९५६ च्या वजने व मापे मानके कायद्याने देशात दशमान पद्धत आणली. १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी किलो व क्विंटल बाजारात स्थिरावले.

माप एक झाले, तरी मोजण्याची रीत बरीच वर्षे जुनीच राहिली. तराजू आणि लोखंडी वजने, पुढे दांडीवर वजन सरकवून मोजणारा काटा आणि त्याच्यासमोर वही घेऊन बसलेला मापाडी, हे चित्र बाजार समित्यांच्या आवारात दीर्घकाळ दिसत असे. मापाडी हा खरेदीदाराचाही नव्हे आणि विक्रेत्याचाही नव्हे, तर परवानाधारक तिसरा माणूस. त्याने मोठ्याने पुकारलेले वजन दोन्ही बाजूंच्या कानावर पडे आणि मगच वहीत उतरे. नोंदीवर दोघांची नजर राहावी, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर मोजणी वेगवान आणि सूक्ष्म झाली. मात्र पुकारा थांबला आणि नोंद यंत्राच्या पोटात गेली.

काटा 'मोजतो' म्हणजे काय?

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या तळाशी 'लोड सेल' नावाचा पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. भार पडला की हा ठोकळा डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो किंवा दाबला जातो. त्यावर चिकटवलेल्या बारीक धातुपट्ट्या त्याबरोबर ताणल्या जातात आणि त्यांचा विद्युतरोध बदलतो. या पट्ट्यांना 'स्ट्रेन गेज' म्हणतात. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्यांचा शोध लावला. अशा चार पट्ट्यांची विशिष्ट जोडणी केली की रोधातील अत्यल्प फरकही व्होल्टेजच्या रूपात मिळतो.

हा फरक किती लहान असतो, याची कल्पना भुईकाट्याच्या उदाहरणावरून येईल. ६० टन क्षमतेच्या आणि १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवणाऱ्या एखाद्या भुईकाट्याखाली प्रत्येकी ३० टनांचे आठ लोड सेल आहेत, असे समजू. त्यांना १० व्होल्टचा पुरवठा दिला आणि पूर्ण भाराला प्रत्येक सेल २० मिलिव्होल्ट देत असला, तर ६० टनांचा ट्रक उभा राहिल्यावर मिळणारा संकेत केवळ ५ मिलिव्होल्टचा असतो. दहा किलोंच्या एका टप्प्याच्या वाट्याला त्यातील एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी अंश येतो. जोडपेटीत पावसाची ओल शिरली, उंदराने तार कुरतडली किंवा अर्थिंग नीट नसले तरी आकडा सरकतो, त्याचे कारण हेच.

हा क्षीण संकेत तारेतून काट्याच्या 'इंडिकेटर'कडे, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या पेटीकडे जातो. तेथे त्याचे अंकांत रूपांतर होते, ठरवून दिलेल्या गुणकाने त्याचे किलो बनतात आणि आकडा काचेवर येतो. काटा 'लावणे' म्हणजे प्रमाणित वजने ठेवून हा गुणक ठरवणे. तो बदलला की काट्याचे सगळेच आकडे बदलतात. म्हणूनच वैधमापन शास्त्र यंत्रणेचा निरीक्षक तपासणीनंतर या पेटीला सील लावतो.

आकडा पेटीबाहेर पडतो तेव्हा

इंडिकेटरच्या मागच्या बाजूला बहुधा नऊ पिनांचे एक जोडस्थान असते. १९६० मध्ये ठरलेल्या 'आरएस-२३२' या मानकाचे ते रूप. घरगुती संगणकांवरून हे जोडस्थान केव्हाच नाहीसे झाले. वजनकाट्यांवर ते टिकून आहे, कारण ते साधे, स्वस्त आणि लांब तारेवरही काम देणारे आहे. त्यातून वजनाचा आकडा एकेक अक्षर करून बाहेर जातो. त्याच्यासोबत वजन स्थिर आहे की अजून हलते आहे, ते एकूण वजन आहे की निव्वळ, आणि एकक कोणते, हे सांगणारी चिन्हेही असतात.

येथून पेनड्राइव्हपर्यंत जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि सगळा फरक त्या दोन वाटांमध्ये आहे.

पहिल्या वाटेत आकडा थेट इंडिकेटरकडून किंवा त्याला जोडलेल्या नोंदपेटीकडून पेनड्राइव्हवर लिहिला जातो. चालक बटण दाबतो. अनुक्रमांक, तारीख, वेळ आणि वजन यांची एक ओळ फायलीत जमा होते. मध्ये संगणक नसतो. दुसऱ्या वाटेत आकडा आधी संगणकात येतो. तेथील सॉफ्टवेअर त्याला वाहन क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, उसाची जात असे तपशील जोडते आणि मग दिवसाअखेरीस त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली जाते.

साखर कारखान्यासारख्या ठिकाणी दुसरी वाट टाळता येत नाही. बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक यांच्या अखंड रांगेत प्रत्येक खेप कोणत्या शेतकऱ्याची, तोडणी कोणत्या टोळीची आणि वाहतूक कोणाची, हे नोंदल्याखेरीज कोणाचेही बिल निघत नाही. परंतु याच वाटेत इंडिकेटर आणि फाईल यांच्यामध्ये एक सॉफ्टवेअर उभे असते, आणि ते आलेला आकडा जसाच्या तसा लिहिते की नाही, हे बाहेरून दिसत नाही. काट्याचे सील शाबूत, काचेवरचा आकडा बिनचूक आणि तरीही पावती वेगळी, असे तांत्रिकदृष्ट्या घडू शकते ते याच ठिकाणी.

यावरचा उपाय नवा नाही. काट्याच्या स्वतःच्या पेटीतच प्रत्येक वजनाची प्रत ठेवणारी, पुसता किंवा बदलता न येणारी मेमरी बसवता येते. युरोपात तिला 'अलिबी मेमरी' असे नाव आहे. संगणकातील एखाद्या नोंदीबाबत शंका आली, तर तिचा अनुक्रमांक घेऊन काट्याच्या मेमरीतील मूळ आकडा पाहता येतो. पेनड्राइव्ह, संगणक आणि छापील पावती या तिन्हींची खातरजमा करणारी ती मूळ प्रत ठरते.

एका ओळीत काय असावे?

वजनाच्या नोंदीत निव्वळ वजनाचा आकडा असून भागत नाही. अनुक्रमांक, काट्याचा क्रमांक, तारीख, वेळ, भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन आणि त्यांतील फरक, एवढे तरी हवेच. यात अनुक्रमांक सर्वांत महत्त्वाचा. तो यंत्राने स्वतः द्यावा आणि मधला एकही गळू नये. ४१२ नंतर ४१४ आला, तर ४१३ चे काय झाले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. वहीचे पान फाडले तर जशी खूण उरते, तशीच ही खूण.

एवढ्या तपशिलाला जागा फारच थोडी लागते. एक नोंद सुमारे १०० अक्षरांची धरली आणि एखाद्या काट्यावर दिवसाला ५०० वाहने भरलेली व रिकामी अशी दोनदा मोजली, तर दिवसाची माहिती सुमारे १०० किलोबाइट होते. १.४४ मेगाबाइटची जुनी फ्लॉपी या हिशेबाने दोन आठवड्यांत भरली असती. १६० दिवसांच्या हंगामाची माहिती १६ मेगाबाइटमध्ये मावते. आजच्या साध्या ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर असे शेकडो हंगाम राहतील. जुन्या नोंदी 'जागा नाही' म्हणून पुसल्या, हे कारण आता कोणालाही देता येणार नाही.

दशांशाचे मोल

नोंद यंत्राने घेतली की माणसाने, यातील फरक पैशांत मोजता येतो. बाजारात पोत्यागणिक वजन होते तेव्हा काचेवर ६०.४ किलो असताना वहीत ६० लिहिले गेले, तर ४०० ग्रॅम हिशेबातून जातात. शंभर ग्रॅमचा टप्पा असलेल्या काट्यावर प्रत्येक पोत्याचा दशांश सोडला, तर सरासरी ४५० ग्रॅम सुटतात. पन्नास पोत्यांमागे हे साडेबावीस किलो होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. त्या दराने ही रक्कम सुमारे १,२०० रुपये होते. कोणीही काट्याला हात न लावता, केवळ लिहिण्याच्या सवयीने. काट्याने स्वतः लिहिलेल्या नोंदीत दशांश सुटत नाही, हा तिचा साधा पण मोठा लाभ आहे.

उसाच्या बाबतीत आकडे मोठे होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरली. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या काट्यात अर्धा टक्का फरक एकाच दिशेने राहिला असे मानले, तर रोजचा २५ टन ऊस हिशेबाबाहेर राहतो. त्याची किंमत ८८,७५० रुपये आणि १२० दिवसांच्या हंगामात ती एक कोटी रुपयांच्या वर जाते. वीस टनांच्या एका खेपेत हा फरक अवघा १०० किलोंचा असतो. ट्रकच्या चालकालाच काय, शेतकऱ्यालाही तो नजरेने कळणे शक्य नाही.

प्रत्येक काट्यात थोडी चूक असतेच आणि कायदाही ती मान्य करतो. व्यापारी वापराच्या काट्यांसाठीच्या प्रचलित निकषांनुसार १० किलोच्या टप्प्याच्या भुईकाट्याला वीस टनांवर पडताळणीच्या वेळी १० किलोंची, म्हणजे ०.०५ टक्क्याची सूट असते. वापरातील काट्याला तिच्या दुप्पट. अर्धा टक्का ही चूक या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे. शिवाय खरी चूक कधी इकडे तर कधी तिकडे झुकते. ती सतत एकाच बाजूला झुकत असेल, तर तिला चूक म्हणता येत नाही.

बिघाड कोठे होतो?

पेनड्राइव्हवरील नोंदीत होणारे सगळेच घोटाळे हेतुपुरस्सर नसतात. इंडिकेटरच्या आतील घड्याळ नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर चालते. ती संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि चालू हंगामाच्या नोंदी भलत्याच वर्षाच्या दिसू लागतात. वजन बरोबर असूनही अशी नोंद वादाच्या वेळी कुचकामी ठरते. फाईल लिहिली जात असतानाच वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला, तर शेवटच्या काही ओळीच नव्हे, तर संपूर्ण फाईल उघडेनाशी होऊ शकते. भारनियमनाचा दीर्घ अनुभव असलेल्या भागात काट्याला बॅटरीचा आधार असणे म्हणूनच आवश्यक आहे.

फाईल संगणकावर उघडतानाही गोंधळ होतो. स्वल्पविरामांनी विभागलेली ही साधी फाईल एक्सेलमध्ये उघडली की ००७ चे ७ होते. ५ नोव्हेंबरला लिहिलेली तारीख संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर ११ मे अशी वाचली जाते. तशीच ती जतन केली, तर मूळ नोंद कायमची बदलते. मूळ फाईल न उघडता तिची प्रत घेऊन काम करावे, हा नियम त्यासाठीच. एकच पेनड्राइव्ह काटाघर, लेखा विभाग आणि झेरॉक्सचे दुकान असा फिरवला, तर व्हायरसही त्याच्यासोबत फिरतो.

पेनड्राइव्ह हे कायमस्वरूपी जपणुकीचे साधनही नव्हे. त्यातील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास, त्यातही उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत चाळिशीपार तापमानात राहिल्यास, तो भार हळूहळू गळतो. काट्यापासून कचेरीपर्यंत नोंद नेण्याचे ते वाहन आहे, दप्तर नव्हे.

तीन ठिकाणी फसवणूक, तीन ठिकाणी तपासणी

हेतुपुरस्सर फेरफार होऊ शकतो तो तीन टप्प्यांवर. पहिला टप्पा नोंदीच्या आधीचा : गुणक बदलणे, लोड सेलच्या तारेत दूरनियंत्रित चिप बसवणे, रिकाम्या वाहनाचे वजन खोटे घेणे. दूरनियंत्रकाने वजन कमी-जास्त करण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. येथे पेनड्राइव्ह काहीच वाचवू शकत नाही. खोटे वजन तो इमानेइतबारे खरे म्हणून लिहून घेतो. उपाय एकच, प्रमाणित वजनांनी काटा तपासणे. दुसरा टप्पा इंडिकेटर आणि फाईल यांच्या मधला, ज्यावर काट्यातील मूळ मेमरी हा उपाय आहे. तिसरा टप्पा नोंदीनंतरचा. साधी फाईल कोणालाही उघडून बदलता येते आणि बदलल्याची खूण डोळ्यांना दिसत नाही.

या तिसऱ्या टप्प्यावर संगणकशास्त्राने एक चोख साधन दिले आहे. संपूर्ण फाईलवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून तिचा एक छोटा ठसा काढता येतो. त्याला 'हॅश' म्हणतात. 'एसएचए-२५६' या प्रचलित पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. फायलीतील हजारो ओळींपैकी एका ओळीतील एक अंक बदलला, तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. दिवसाअखेरीस हा ठसा काटाघराबाहेरच्या फलकावर लिहिला किंवा शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीला दिला, तर नंतर त्या दिवसाच्या फायलीला गुपचूप हात लावणे शक्य राहत नाही.

अनेक दिवसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की एकेका पावतीत न दिसणाऱ्या गोष्टीही दिसतात. एखादा ट्रक रिकामा असताना हंगामभर ८,१२० ते ८,१६० किलोंच्या दरम्यान भरत असेल आणि एके दिवशी अचानक ८,६०० भरला, तर त्याचे कारण विचारता येते. दोन वाहनांच्या वजनांत केवळ दहा सेकंदांचे अंतर असेल, तर ती दोन्ही वाहने खरोखर काट्यावर आली होती का, असेही विचारता येते. पेनड्राइव्हचे खरे सामर्थ्य येथे आहे. मात्र त्यासाठी नोंदींचा संच काट्याच्या मालकाखेरीज आणखी कोणाच्या तरी हाती असावा लागतो.

कायदा काय सांगतो?

१९७६ आणि १९८५ च्या जुन्या कायद्यांची जागा घेणारा वैधमापन शास्त्र कायदा, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काटे आणि भुईकाटे यांची दर बारा महिन्यांनी फेरपडताळणी व मुद्रांकन आवश्यक आहे. पडताळणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या काट्यांसाठी जिल्हास्तरावर भरारी पथकेही नेमली जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताला वजनमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार मिळाला. तो मिळवणारा भारत तेरावा देश ठरला. काटा तपासण्याची चौकट देशात आहे, असा याचा अर्थ.

नोंदीच्या बाबतीत मात्र प्रश्न पुराव्याच्या कायद्याकडे जातो आणि येथे मराठवाड्यातीलच एका खटल्याचा आधार घ्यावा लागतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. वाद उमेदवारी अर्ज दाखल करतानाच्या चित्रीकरणाचा होता. पण त्यात ठरलेले तत्त्व प्रत्येक इलेक्ट्रॉनिक नोंदीला लागू पडते. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत सादर करायची असेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे.

१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्याच्या कलम ६३ नुसार द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फायलीचा हॅश नोंदवण्याची तरतूद आहे. वजनकाट्याला हे लागू केले, तर चित्र स्पष्ट होते. काट्यातील मेमरी ही मूळ नोंद आणि पेनड्राइव्ह ही प्रत. प्रमाणपत्र आणि ठसा यांच्याविना ही प्रत कितीही तपशीलवार असली, तरी न्यायालयात तिचा टिकाव लागणे कठीण. वाद झाल्यावर 'पेनड्राइव्ह आहे ना' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी, मग तो आडत्या असो, कारखाना असो की शेतकरी, हे ध्यानात घेतलेले बरे.

प्रत कोणाकडे?

२०२२ च्या गाळप हंगामाच्या तोंडावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेने एकरकमी एफआरपीबरोबरच साखर कारखान्यांचे वजनकाटे डिजिटल करण्याची मागणीही लावून धरली होती. मागणीचा रोख पश्चिम महाराष्ट्रातून आला असला, तरी प्रश्न मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यातही तोच आहे. फक्त 'डिजिटल' या शब्दाने तो सुटत नाही. आकडे काचेवर उमटतात म्हणून काटा डिजिटल झाला असे मानले, तर बहुतेक काटे आजही डिजिटलच आहेत. काट्यावरून निघालेला आकडा त्याच क्षणी किती जणांकडे पोहोचतो, हे पाहावे लागेल.

काटा स्थिर होताच एक प्रत काट्याच्या मेमरीत, दुसरी कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या संगणकात आणि तिसरी शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेशरूपाने जावी, ही व्यवस्था आजच्या तंत्राला अवघड नाही. तिन्ही प्रतींवर एकच अनुक्रमांक असला की त्यातील एक बदलून उपयोग नाही. तिन्ही बदलाव्या लागतात. मापाड्याच्या पुकाऱ्याचे हेच काम होते. वजन लिहिले जाण्याआधी ते दोन्ही बाजूंनी ऐकलेले असे.

लातूरच्या डाळमिलमधून निघालेली तूरडाळ पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानात काट्यावर चढते, तेव्हा ग्राहकही त्याच काचेकडे पाहत असतो. त्यानेही तीन गोष्टी पाहाव्यात. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का, मुद्रांकनाचे प्रमाणपत्र चालू वर्षाचे आहे का आणि पावतीवरील वजन काचेवरील वजनाशी दशांशासह जुळते का. शेतकऱ्याला यात चौथी गोष्ट जोडावी लागेल : पावतीवरील अनुक्रमांक आणि वेळ जपून ठेवणे. काट्याच्या मेमरीत किंवा पेनड्राइव्हवर आपली नोंद शोधायला लावायची असेल, तर त्या अनुक्रमांकाखेरीज दुसरा धागा त्याच्या हाती नसतो.